मोजलेली फूट

अमेरिकेत ‘एबी फॉर्म’ नावाची चीज नाही. आपल्याकडे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हा कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचला की पक्षाचे चिन्ह कोणाचे हे ठरते. त्याच्यासाठी आदल्या रात्रभर गाड्या पळतात, फोन खणखणतात आणि पहाटेपर्यंत कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी येते. तसा कागद तिथल्या कोणत्याही पक्षाध्यक्षाच्या खिशात नसतो. डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार कोण, हे त्या पक्षाकडे कल असलेले सामान्य मतदार मत देऊन ठरवतात. मुख्य निवडणुकीच्या आधी होणाऱ्या या मतदानाला प्रायमरी म्हणतात. बहुतेक राज्यांत ते सरकारी खर्चाने, सरकारी केंद्रांवर आणि सरकारी याद्यांनुसार होते.

राज्यशास्त्राच्या वर्गात हा विषय निघाला की मला हमखास एक प्रश्न विचारला जाई : घरातले भांडण असे चव्हाट्यावर मांडून पक्ष टिकतो कसा? प्रश्न रास्त आहे. एकाच पक्षाचे इच्छुक महिनोन्महिने एकमेकांची उणीदुणी काढतात, एकमेकांविरुद्ध जाहिराती करतात, भर सभेत एकमेकांना नालायक ठरवतात. आपल्या अनुभवाप्रमाणे याचा शेवट बंडखोरी, अपक्ष अर्ज आणि पाडापाडी यांत व्हायला हवा. तिथे तो क्वचितच तसा होतो. का होत नाही, आणि जेव्हा झाला तेव्हा का झाला, हे तपासताना माझे लक्ष दोन आकड्यांवर खिळले. प्रायमरीत किती लोकांनी मत दिले हा पहिला, आणि त्यांच्यात तट कसे पडले हा दुसरा. हे दोन आकडे वाचायचे कसे, ते या लेखात मांडतो.

आधी छेद विचारावा

मतदानाची टक्केवारी ऐकली की पहिला प्रश्न विचारावा : कशाच्या टक्के? ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ मते मिळाली, शशी थरूर यांना १,०७२, आणि ४१६ मते बाद झाली. मत देण्याचा अधिकार असलेले प्रतिनिधी सुमारे ९,९०० होते. म्हणजे मतदान ९४ टक्क्यांच्या आसपास झाले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण देशभर पसरलेल्या पक्षात मतदार दहा हजारांच्या आत होते.

याच्या शेजारी अमेरिकेचे २०१६ साल ठेवून पाहू. दोन्ही पक्षांच्या प्रायमऱ्यांत मिळून सुमारे ५ कोटी ७६ लाख लोकांनी मत दिले. हे प्रमाण पात्र मतदारांच्या केवळ २८.५ टक्के होते. त्याआधीच्या २००८ च्या चुरशीच्या वर्षीही ते ३०.४ टक्क्यांपर्यंतच पोहोचले होते. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत मात्र दहापैकी सहा जण मतदान करतात. प्रायमरीत येतो तो अधिक जागरूक, अधिक वयस्कर आणि सहसा अधिक कडवा मतदार. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे १ कोटी ४० लाख आणि हिलरी क्लिंटन यांना सुमारे १ कोटी ६९ लाख मते मिळाली. म्हणजे बत्तीस कोटींच्या देशापुढे नोव्हेंबरात जी दोन नावे आली, ती साधारण तीन कोटी लोकांनी निवडली होती.

छेद ठरवण्याचे काम नियम करतात. काही राज्यांत प्रायमरी ‘खुली’ असते. कोणताही नोंदणीकृत मतदार त्या दिवशी हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. काही ठिकाणी ती ‘बंद’ असते. मतदार यादीत नावासमोर त्या पक्षाची नोंद असेल तरच मत देता येते. न्यूयॉर्क हे बंद राज्य. तिथे एप्रिल २०१६ च्या प्रायमरीसाठी पक्षाची नोंद बदलण्याची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात संपली होती. त्या अटीमुळे खुद्द ट्रम्प यांची मुले इव्हान्का आणि एरिक यांना वडिलांना मत देता आले नाही. काही राज्यांत प्रायमरीऐवजी कॉकस असतो : संध्याकाळी शाळेत किंवा सभागृहात जमायचे आणि बैठकीत आपला कौल द्यायचा. रात्रपाळीचा कामगार आणि तान्ह्या मुलाची आई तिथे येऊ शकत नाहीत, म्हणून कॉकसमधले मतदान आणखी कमी असते.

छेद ठरवण्याच्या अधिकाराचा सर्वांत वाईट वापर दक्षिणेकडच्या राज्यांनी केला. तिथे अनेक दशके डेमोक्रॅटिक पक्षाला विरोधकच नव्हता, त्यामुळे पक्षाची प्रायमरी हीच खरी निवडणूक होती. टेक्साससारख्या राज्यात पक्षाने आपण खासगी संस्था आहोत असे सांगून प्रायमरीत फक्त गोऱ्यांना मताचा हक्क दिला. कृष्णवर्णीय नागरिकाला नोव्हेंबरात मत होते, पण तोवर निकाल लागलेला असे. १९४४ मध्ये ‘स्मिथ विरुद्ध ऑलराइट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. प्रायमरी हा निवडणुकीचाच भाग आहे, पक्षाचा घरगुती मामला नाही, हे तत्त्व त्या निकालाने पक्के झाले.

गर्दी कशाने होते?

प्रायमरीत गर्दी होते ती चुरशीमुळे. आयोवा राज्यातल्या डेमोक्रॅटिक कॉकसला २००४ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास लोक आले होते. २००८ मध्ये बराक ओबामा, हिलरी क्लिंटन आणि जॉन एडवर्ड्स समोरासमोर आले, तेव्हा तोच आकडा २ लाख ३९ हजारांवर गेला. उलट २०१२ मध्ये ओबामांना पक्षात आव्हानच नव्हते. त्यामुळे त्यांच्या प्रायमऱ्या ओस पडल्या आणि तरीही ते नोव्हेंबरात जिंकले. १९८८ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमऱ्यांत रिपब्लिकनांच्या जवळजवळ दुप्पट मतदान झाले, तरी अध्यक्ष झाले रिपब्लिकन जॉर्ज बुश.

तेव्हा प्रायमरीतल्या गर्दीवरून नोव्हेंबरचे भविष्य सांगता येत नाही. घरात वाद आहे आणि तो लोकांना आपला वाटतो, एवढेच त्या गर्दीतून कळते. मतदान वाढवणारी आणि पक्ष दुभंगवणारी शक्ती एकच असते. म्हणून ‘फूट पडली का?’ या प्रश्नाने फारसे काही हाती लागत नाही. मोजणी झाल्यावर हरलेल्या गटाने ती आपली मानली का, हे विचारावे लागते. अमेरिकेच्या इतिहासातली चार वर्षे या कसोटीवर लावून पाहिली की गाठ सुटत जाते.

१९१२ आणि १९६८ : मोजले, पण मानले नाही

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्षाच्या दादा मंडळींच्या हातून उमेदवारी काढून घेण्यासाठी सुधारकांनी प्रायमरीचे कायदे करून घेतले. विस्कॉन्सिनचे रॉबर्ट ला फॉलेट या चळवळीचे अग्रणी होते. अध्यक्षपदासाठी तिची पहिली मोठी परीक्षा १९१२ मध्ये रिपब्लिकन पक्षात झाली. विद्यमान अध्यक्ष विल्यम टाफ्ट यांना त्यांचेच पूर्वसुरी आणि एकेकाळचे मित्र थिओडोर रूझवेल्ट यांनी आव्हान दिले. डझनभर राज्यांत प्रायमऱ्या झाल्या. त्यांतल्या बहुतेक रूझवेल्टनी जिंकल्या. टाफ्ट यांचे स्वतःचे ओहायो राज्यही त्यांनी घेतले. पण उरलेल्या राज्यांतले प्रतिनिधी पक्षयंत्रणेने नेमलेले होते. शिकागोच्या अधिवेशनापूर्वी २५४ प्रतिनिधींच्या निवडीवर वाद उपस्थित झाला. राष्ट्रीय समितीने त्यांतले २३५ टाफ्टच्या पदरात टाकले आणि १९ रूझवेल्टच्या.

उमेदवारी टाफ्टना मिळाली. रूझवेल्ट ती चोरीला गेली असे म्हणत बाहेर पडले आणि त्यांनी नवा पक्ष काढला. नोव्हेंबरात रूझवेल्टना २७ टक्के आणि टाफ्टना २३ टक्के मते पडली. दोघांची बेरीज निम्म्यावर जाते, तरी जिंकले ते सुमारे ४२ टक्के मतांचे डेमोक्रॅट वुड्रो विल्सन. विद्यमान अध्यक्षाच्या वाट्याला यूटा आणि व्हर्मांट ही दोनच राज्ये आली. लोकांनी मोजून दिलेला कौल यंत्रणेने बाजूला ठेवला की काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

छप्पन्न वर्षांनी तेच डेमोक्रॅटिक पक्षात घडले. व्हिएतनाम युद्धाच्या प्रश्नावर पक्ष उभा चिरला गेला होता. मार्च १९६८ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत युद्धविरोधी युजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के मते पडली आणि अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना ४९. अध्यक्षांचा विजय इतका निसटता होता की महिना संपताना त्यांनी रिंगणातून माघार घेतली. जूनमध्ये कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकली त्याच रात्री रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना. ते एकाही प्रायमरीत उतरले नव्हते. तेव्हा प्रायमऱ्या थोड्याच राज्यांत होत. बहुसंख्य प्रतिनिधी पक्षनेत्यांच्या मुठीत असत. सभागृहात घोषणा, रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या आणि हे सारे देशभरच्या दूरचित्रवाणी संचांवर. नोव्हेंबरात हम्फ्री एक टक्क्याहूनही कमी फरकाने रिचर्ड निक्सनकडून हरले.

पण या पराभवातून पक्षाने नियम बदलले. जॉर्ज मॅकगव्हर्न आणि डोनाल्ड फ्रेझर यांच्या आयोगाने प्रतिनिधींची निवड खुली केली, आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक राज्यांनी प्रायमरी स्वीकारली. आज आपण जी पद्धत पाहतो ती शिकागोच्या त्या आठवड्यातून निघाली. १९७२ मध्ये नव्या नियमांनी खुद्द मॅकगव्हर्न उमेदवार झाले आणि ५० पैकी ४९ राज्यांत हरले, हेही सांगायला हवे. प्रायमरीतून योग्य उमेदवार निघेलच असे नाही. निघालेला उमेदवार कोणाचा आहे, हे मात्र तिच्यातून कळते.

२००८ आणि २०१६ : दोन कडवट लढती

२००८ मध्ये ओबामा आणि क्लिंटन यांना प्रत्येकी पावणेदोन कोटींच्या आसपास मते पडली. वाद नव्हते असे नाही. फ्लोरिडा आणि मिशिगन यांनी पक्षाचा आदेश मोडून जानेवारीतच प्रायमरी उरकल्या. मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचे नावही नव्हते. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी पक्षाच्या नियम समितीने सर्वांसमोर बैठक घेऊन तोडगा काढला : दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना अर्धे-अर्धे मत. कोणीच खूश झाले नाही, पण निर्णय कसा झाला ते साऱ्यांनी पाहिले. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात राज्यवार मोजणी चालू असताना ती थांबवून ओबामांना एकमुखाने उमेदवार करावे, असा प्रस्ताव क्लिंटन यांनी स्वतः मांडला. पुढे त्या ओबामांच्या परराष्ट्रमंत्री झाल्या.

२०१६ मध्ये क्लिंटन यांनी बर्नी सँडर्स यांना १ कोटी ६९ लाख विरुद्ध १ कोटी ३२ लाख असे स्पष्ट हरवले. फरक २००८ पेक्षा कितीतरी मोठा, तरी सँडर्सच्या समर्थकांना हा डाव आधीच मांडलेला वाटला. त्याला कारणे होती. ‘सुपरडेलिगेट’ म्हणजे पदसिद्ध मताधिकार असलेले सातशेवर पक्षनेते. त्यांतल्या बहुतेकांनी सामान्यांचे मतदान होण्याआधीच क्लिंटन यांची बाजू घेतली होती. अधिवेशनाच्या तोंडावर पक्षकार्यालयातले ई-मेल फुटले आणि तटस्थ असायला हवे होते ते पदाधिकारी सँडर्सच्या विरोधात बोलताना दिसले. पक्षाध्यक्षांना पायउतार व्हावे लागले.

पुढे एका मोठ्या मतदार सर्वेक्षणात असे दिसले की प्रायमरीत सँडर्सना मत देणाऱ्यांपैकी सुमारे बारा टक्क्यांनी नोव्हेंबरात ट्रम्पना मत दिले. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून क्लिंटन केवळ ७७,७४४ मतांनी मागे पडल्या होत्या, त्यामुळे दोष थेट सँडर्स समर्थकांवर आला. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. २००८ मध्ये क्लिंटन यांच्या मतदारांपैकी मॅकेनकडे गेलेल्यांचे प्रमाण बारा टक्क्यांपेक्षा कमी नव्हते, तरी ओबामा आरामात जिंकले. शिवाय सँडर्सकडून ट्रम्पकडे गेलेल्यांत अनेक जण मुळात डेमोक्रॅटिक पक्षाचे नव्हतेच. काही मतदार प्रत्येक प्रायमरीनंतर दुसरीकडे जातात. त्यांच्यामुळे एखादी निवडणूक हातची जाऊ शकते, पक्ष फुटत नाही. सँडर्सनी नवा पक्ष काढला नाही. २०१८ मध्ये पक्षाने सुपरडेलिगेटांचा पहिल्या फेरीतला निर्णायक मताधिकार काढून घेतला. २०२० मध्ये सँडर्स पुन्हा लढले, पुन्हा हरले आणि जो बायडन यांच्याबरोबर संयुक्त धोरणगटांत बसले. बायडननी ती तिन्ही राज्ये परत मिळवली.

मोजपट्टीचाही दोष असतो

मोजणी प्रामाणिक असूनही मोजपट्टी तोकडी पडू शकते. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षात सतरा इच्छुक होते. साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना ३२.५ टक्के मते पडली आणि तिथले सगळे ५० प्रतिनिधी मिळाले. विरोधी गटाची मते अनेकांत विभागली गेली. कोणी कोणासाठी बसायला तयार नव्हते. आपल्या विधानसभा निवडणुकीतल्या मतविभाजनाचेच हे रूप.

मराठी वाचकांना जवळचे उदाहरण आहे श्री ठाणेदार यांचे. बेळगावात वाढलेल्या, मराठीत आत्मचरित्र लिहिलेल्या ठाणेदारांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी लढवली आणि ते तिसरे आले. २०२२ मध्ये त्यांनी डेट्रॉइटचा मोठा भाग असलेल्या मतदारसंघातून संसदेची प्रायमरी लढवली. उमेदवार नऊ होते. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मते पडली आणि ते विजयी झाले. मतदारसंघ पक्षाचा बालेकिल्ला असल्याने नोव्हेंबरची निवडणूक औपचारिकताच होती. तीन चतुर्थांशहून अधिक कृष्णवर्णीय लोकसंख्या असलेल्या डेट्रॉइटला जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदाच संसदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. ठाणेदारांनी नियमांत बसेल तसाच विजय मिळवला. त्यांच्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. पण ज्या निवडणुकीत ७२ टक्के मतदारांनी दुसऱ्या कोणाला मत दिले, तिने त्या समाजाचे मत कितपत सांगितले, हा प्रश्न उरतोच. म्हणून टेक्साससारख्या राज्यांत पन्नास टक्के न मिळाल्यास पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. न्यूयॉर्क शहराने आपल्या प्रायमरीत पसंतीक्रमाची पद्धत आणली.

आपल्याकडची मोजणी

आपल्याकडे पक्षांतर्गत मोजणीची परंपरा अगदीच नव्हती असे नाही. जानेवारी १९३९ मध्ये त्रिपुरी अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्या यांना २०३ मतांनी हरवले. गांधीजींनी हा आपलाच पराभव मानला. कार्यकारिणीतल्या बहुतेक ज्येष्ठांनी राजीनामे दिले. गांधीजींच्या इच्छेनुसारच कार्यकारिणी नेमावी असा ठराव झाला. एप्रिलमध्ये बोसांनी अध्यक्षपद सोडले आणि मे महिन्यात फॉरवर्ड ब्लॉक उभा राहिला. मोजणीवर कोणी आक्षेप घेतला नव्हता. तिच्यापुढे मान तुकवायला मात्र कोणी तयार नव्हते. शिकागोत १९१२ मध्ये झाले त्याहून हे फारसे वेगळे नाही.

त्यानंतर प्रायमरी या नावाने प्रयोग झाला तो २०१४ च्या लोकसभेपूर्वी. राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने पंधरा-सोळा मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार निवडायचे ठरवले. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा त्यांत होते. दोन्ही जागा भाजपने जिंकल्या. वडोदऱ्यात नरेंद्र रावत मतदानाने निवडले गेले, पण समोर नरेंद्र मोदी येताच त्यांच्या जागी मधुसूदन मिस्त्री आले. मत देणारे पदाधिकारी मूठभर आणि निकाल फिरवण्याची मुभा वर, अशी ती रचना होती. प्रयोग पुढे चालला नाही.

मोजणी नसते तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत पाहिले. १९६९ च्या काँग्रेस फुटीनंतर चिन्ह कोणाचे, हे ठरवताना निवडणूक आयोगाने आमदार-खासदारांबरोबर संघटनेतल्या प्रतिनिधींचेही बहुमत तपासले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सादिक अली खटल्यात ते मान्य केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेच्या वादात आयोगाला संघटनेतल्या बहुमताचा विश्वासार्ह आकडा मिळाला नाही. निर्णय झाला तो ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार यांच्या जोरावर. वर्षभराने राष्ट्रवादी काँग्रेसच्या बाबतीतही लोकप्रतिनिधींचे संख्याबळच निर्णायक ठरले. या निर्णयांचे समर्थन किंवा विरोध करण्याचा माझा हेतू नाही. शाखाप्रमुख, गटप्रमुख, वर्गणी भरणारा सदस्य यांची मते कधी मोजलीच गेली नसतील, तर फुटीच्या दिवशी त्यांना वजन राहत नाही. मग आमदारांची डोकी मोजावी लागतात.

आपल्या कायद्यात पक्षाची नोंदणी आहे. पक्षांतर्गत निवडणुकीची सक्ती नाही. विधी आयोगाने १९९९ मधल्या १७० व्या अहवालात तशी तरतूद सुचवली होती, ती कागदावर राहिली. अमेरिकन प्रायमरी उचलून इथे लावावी असे मी म्हणणार नाही. तिथे लागणारा अमाप पैसा, थोडक्यांच्या हाती जाणारा निर्णय आणि कडव्यांचे वाढते बळ हे दोष डोळ्यांआड करण्याजोगे नाहीत. पण गेल्या काही निवडणुकांत आपल्याकडे इच्छुकाला नाकारताना एक नवे वाक्य ऐकू येते : ‘सर्व्हेत तुमचे नाव मागे आहे.’ हा सर्व्हे कोणी केला, किती जणांना विचारले, कोणाला किती टक्के पडले, हे त्याला कोणी दाखवत नाही. मग त्याची समजूत काढायला कोणाला तरी पाठवावे लागते. कधी बंडोबाचा थंडोबा होतो, कधी तो अपक्ष उभा राहतो.

सँडर्सना आपण ३७ लाख मतांनी हरलो हे माहीत होते, आणि बोसांच्या विरोधकांना २०३ मतांनी. एकाने आकडा पचवून नियम बदलायला लावले, दुसऱ्यांनी आकडा पचवला नाही. पण दोघांच्याही हातात आकडा होता. सर्व्हेत मागे पडलेल्या आपल्या कार्यकर्त्याच्या हातात तोही नसतो, आणि नसलेल्या आकड्याशी कोणी समेट करू शकत नाही.